मुक्तिनाथला नेताय, तर जोमसोमला एक रात्र थांबवा

महाराष्ट्रातून नेपाळची मुक्तिनाथ-पशुपतिनाथ यात्रा काढणाऱ्या सर्व यात्रा कंपन्यांना आणि त्यांच्या टूर मॅनेजरना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रकातल्या दोन ओळींबद्दल हे पत्र आहे. शब्द थोडे इकडेतिकडे असतील, पण बऱ्याच पत्रकांत त्या मला सापडल्या: ‘पाचवा दिवस: पोखरा ते मुक्तिनाथ, सायंकाळी आगमन व मुक्काम. सहावा दिवस: पहाटे 108 धारांचे स्नान, दर्शन, पोखऱ्याकडे प्रयाण.’

मी परिचारिका आहे. सरकारी रुग्णालयात 26 वर्षं नोकरी झाली. गेल्या वर्षी ऑक्टोबरात आईला घेऊन अशाच एका यात्रेला गेले होते. आई 73 वर्षांची. आमचा 34 जणांचा जथा होता, त्यात साठीच्या आतले आम्ही पाचच. गोरखपूरपर्यंत रेल्वे, तिथून सोनौलीची सीमा ओलांडून लुंबिनी, मग पोखरा. कंपनीचं नाव मी लिहिणार नाही. एका कंपनीला दोष देऊन भागण्यासारखी ही गोष्ट नाही. घरी परतल्यावर आणखी सात-आठ कंपन्यांची पत्रकं मागवून पाहिली, बहुतेकांचा कार्यक्रम तोच निघाला.

पोखरा समुद्रसपाटीपासून साधारण 820 मीटरवर आहे. मुक्तिनाथ 3,700 मीटरच्या वर. आपल्या माणसांना हा आकडा नुसता सांगून कळत नाही, म्हणून मी कळसूबाईचं उदाहरण देते. कळसूबाई 1,646 मीटर. कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली तरी मुक्तिनाथ त्याच्याही चारशे मीटर वर राहतं. तिथल्या हवेत आपल्या एका श्वासाला मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या मानाने दोन-तृतीयांशाहूनही थोडा कमी. तरणाताठा माणूसही तिथे चार पायऱ्या चढून थांबतो. आणि आपण सत्तरीच्या लोकांना पहाटे पोखऱ्यात उठवून त्याच रात्री तिथे झोपवतो.

आमच्या वेळी विमानाचा बेत होता. सकाळी ढग होते, उड्डाण रद्द झालं. ते योग्यच झालं, त्याबद्दल पुढे लिहिते. आम्हाला जीपमध्ये बसवलं. बेनी, तातोपानी, घासा. एका बाजूला धवलगिरी 8,167 मीटर, दुसऱ्या बाजूला अन्नपूर्णा 8,091 मीटर आणि मधून काली गंडकी. रस्ता काही ठिकाणी नुसता दगडगोट्यांचा. मार्फाला सफरचंदांच्या बागा लागल्या, पण उतरायला वेळ नव्हता. जोमसोमला पोचलो तेव्हा दुपारचे साडेचार झाले होते आणि वारा असा की जीपचं दार उघडायला दोघांना जोर लावावा लागला.

तिथे, जोमसोमला, थांबायला हवं होतं. 2,700 मीटरच्या आसपासचं गाव, राहायला चांगली हॉटेलं, जिल्ह्याचं रुग्णालय. पण राणीपौव्याचं बुकिंग झालेलं होतं. मुक्तिनाथच्या पायथ्याचं ते गाव. तिथे पोचलो तेव्हा काळोख पडला होता.

आमच्यासोबतच्या आचाऱ्यांनी तरीही गरम वरण-भात करायला घेतला. बिचाऱ्यांची डाळ शिजेना. तिथे पाणी 88 अंशांच्या आसपासच उकळायला लागतं, कुकरशिवाय डाळ शिजत नाही, हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. तसंही जेवायची वासना कोणाला नव्हती. निम्म्या लोकांचं डोकं ठणकत होतं, सात जणांना उलट्या झाल्या. सगळे म्हणत होते, प्रवासाचा शीण आहे, झोपलं की बरं वाटेल. कापराच्या पुरचुंड्या फिरत होत्या. कापूर हुंगून बरं वाटल्याचा भास होतो, रक्तातला प्राणवायू त्याने तसूभरही वाढत नाही. उंचीचा त्रास पोचल्या पोचल्या दिसत नाही, सहा ते बारा तासांत वर येतो. म्हणजे संध्याकाळी पोचलेल्या माणसाला तो नेमका मध्यरात्री गाठतो, खोलीत दार लावून झोपलेला असताना.

माझ्या पर्समध्ये बोटाला लावायचा ऑक्सिमीटर होता, करोनापासून तो सुटलेला नाही. रात्री अकराला माझा आकडा 86. आईचा 83. एवढ्या उंचीवर नव्याने आलेल्या माणसाचा इतका येतो. दोनला शेजारच्या खोलीतल्या काकू दार वाजवत आल्या: ‘यांना जरा बघता का, धाप थांबत नाहीये.’ काका उशीला टेकून बसले होते. आडवं झालं की गुदमरत होते. ओठ निळसर. आकडा 68. छातीला कान लावला तर श्वासात बारीक बुडबुड आवाज. फुप्फुसात पाणी साठू लागलं होतं.

टूर मॅनेजर 24 वर्षांचा मुलगा. मी त्याच्याबद्दल वाईट एक शब्द बोलणार नाही. तो हाकेसरशी धावत आला, जीपमधून ऑक्सिजनचा सिलिंडर खांद्यावर घेऊन आला. सिलिंडर भरलेला होता. पण तो उघडायची चावी गाडीत नव्हती. ती पोखऱ्याच्या ऑफिसात राहिली होती. ते लोखंडी धूड काकांच्या पलंगाशेजारी उभं होतं, आणि तो पोरगा पान्यापासून चमच्यापर्यंत काय काय लावून बघत होता. त्याचे हात थरथरत होते. त्याला या कामासाठी कोणीच शिकवलेलं नव्हतं.

अशा वेळी खरं औषध एकच, माणसाला खाली नेणं. उजाडायची वाट बघायची नाही. हॉटेलच्या मालकाने स्वतःची जीप काढली. पावणेतीनला निघालो, काका, काकू, तो मुलगा आणि मी. जोमसोमच्या रुग्णालयात प्राणवायू मिळाला, इंजेक्शनं मिळाली. दुपारपर्यंत काका कुशीवर झोपू शकले. ते आज त्यांच्या गावी सुखरूप आहेत आणि त्यांना विचारूनच मी हे लिहिते आहे.

आता तुम्ही जे म्हणाल ते मला ठाऊक आहे, कारण यातल्या तिघांशी मी फोनवर बोलले. लोकांनाच दिवस कमी हवे असतात. एक दिवस वाढला की दर वाढतो, दर वाढला की लोक दुसरीकडे जातात. खरं आहे. पण पोखऱ्यात आमचे दोन मुक्काम होते आणि त्यातली एक अख्खी दुपार खरेदीसाठी मोकळी सोडली होती. तीच रात्र जोमसोमला किंवा मार्फ्याला हलवा. दर फारसा हलणार नाही. जोमसोमला झोपा, सकाळी लवकर वर जा, निवांत दर्शन घ्या आणि झोपायला पुन्हा जोमसोमलाच या. वर झोपायचंच नाही. डॉक्टरांचा साधा नियम आहे: 3,000 मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त उंच करायची नाही. तुमच्या पत्रकात ती एका दिवसात जवळपास 2,900 मीटर वाढते.

एका दिवसात पोखऱ्याहून वर जाऊन परत येणारेही काही जण आहेत. वर झोपत नाहीत म्हणून उंचीचा त्रास त्यांना थोडा कमी होतो हे मान्य. पण चौदा-पंधरा तास गाडीत हाडं खिळखिळी करून मध्ये तासाभराचं दर्शन, हे सत्तरीच्या हृदयाला झेपणारं नाही.

आणि ते स्नान. देवळाच्या मागे अर्धवर्तुळात दगडी भिंत आहे, तीत गोमुखाच्या 108 धारा. पाणी वरच्या बर्फाचं. लोक धावत एकेका धारेखाली डोकं घालतात, मग समोरच्या दोन कुंडांत बुडी मारतात. मुक्ती इथेच मिळते ही श्रद्धा आहे आणि मी ती मानते. पण ते पाणी अंगावर पडलं की रक्तवाहिन्या एकदम आकसतात, रक्तदाब उसळतो. ज्याला आधीच प्राणवायू कमी पडतोय, ज्याची हृदयाची गोळी चालू आहे, त्याला पहाटे साडेपाचला रांगेत उभं करून ‘चला, चला, नऊला निघायचंय’ म्हणणं भयंकर आहे. मी काकांना घेऊन खाली गेले होते, म्हणून हे मला आईने सांगितलं. ती रांगेत उभी होती. पदर खोचला होता. देवळाची सेवा करणाऱ्या भिक्षुणींपैकी एक जण जवळ आली, आईच्या तोंडाकडे बघून मान हलवली, तिचा हात धरून तिला एका धारेपाशी नेलं आणि स्वतःच्या ओंजळीतलं पाणी आईच्या डोक्याला लावलं. मग दुसऱ्या धारेचं. अशा कितीतरी धारा. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. आई म्हणते, माझं स्नान तिने घातलं.

कृपा करून पत्रकातला ‘स्नान’ हा शब्द काढून ‘तीर्थ’ लिहा. ज्याला अंघोळ करायची तो करील. पण तो कार्यक्रमाचा भाग झाला की माणसाला वाटतं, केलं नाही तर यात्रा अपुरी राहिली.

त्या भिक्षुणींबद्दलही लोकांना आधी सांगा. आमच्यात कोणालाच माहीत नव्हतं की हे स्थान जितकं आपलं तितकंच बौद्धांचं आहे. ते त्याला छुमिग ग्यात्सा म्हणतात, शंभर धारांचं ठिकाण. तिबेटला जाताना बौद्ध गुरू पद्मसंभव इथे ध्यानाला बसले होते अशी त्यांची श्रद्धा. आपण जिथे विष्णू बघतो तिथे ते करुणेचे बोधिसत्त्व अवलोकितेश्वर बघतात. पूजा दोन्ही होते, शतकानुशतकं होत आली आहे, आणि कधी भांडण नाही. तमिळ वैष्णवांच्या 108 दिव्यदेशांतही, म्हणजे पवित्र विष्णुस्थानांतही, हे ठिकाण येतं. आमच्यातल्या एकाने प्रार्थनाचक्रांकडे बोट दाखवून म्हटलं, ‘हे त्यांचं आहे, आपलं पुढे.’ बाकीचे पुढे गेले. ज्वालामाईच्या देवळात कोणी गेलंच नाही. तिथे दगडाखाली, पाण्याच्या अगदी जवळ, जमिनीतून येणाऱ्या वायूवर निळसर ज्योत जळते. पाणी आणि अग्नी एका ठिकाणी. एवढ्या लांब येऊन, एवढे पैसे भरून, शंभर पावलांवरचं ते दृश्य आमच्यातल्या कोणीच पाहिलं नाही. घड्याळात नऊ वाजत आले होते.

कागबेनीचं दुःख मात्र माझं स्वतःचं आहे.

जोमसोमहून वर जाताना वाटेत कागबेनी लागतं. काली गंडकी आणि झोंग नदीचा संगम. पितरांना पिंड देण्यासाठी लोक तिथे मुद्दाम थांबतात. काग म्हणजे कावळा. आपल्याकडे कावळा शिवला की जीव शांत झाला म्हणतात, तेव्हा या नावात मराठी माणसाला काय ऐकू येतं ते मी सांगायला नको. माझे वडील करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. दहावं, बारावं काहीही नीट झालं नाही. आईने ही यात्रा निवडली त्यात मुक्तिनाथ होतंच, पण तिच्या पिशवीत एका डबीत काळे तीळ होते. परतताना उशीर झाला होता. परतताना उशीर झाला होता. आई खिडकीतून बघत म्हणाली, ‘हेच ना ते?’ मी हो म्हणेपर्यंत जीप पुढे गेली होती. ती डबी तशीच घरी परत आली. देवघराखालच्या खणात आहे.

तुमच्या कार्यक्रमात कागबेनीला दीड तास घाला. तुमच्या यात्रेकरूंपैकी किती जणांच्या पिशवीत अशी डबी असते हे तुम्ही एकदा विचारून बघा.

आमच्या घरी पणजीपासून चालत आलेला शाळिग्राम आहे. दर कार्तिकात तुळशीचं लग्न त्याच्याशीच लागतं. वृंदेच्या शापाने विष्णू शिळा झाला, ती शिळा गंडकीत सापडते, आणि त्या शापातून तो मुक्तिनाथला सुटला, ही कथा आईने मला लहानपणी तुळशीपाशीच सांगितली होती. ते दगड म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे असलेल्या टेथिस समुद्रातल्या शंखासारख्या जीवांचे अवशेष. जिथे आज बर्फाचे डोंगर आहेत तिथे समुद्र होता, याचा पुरावा आपण रोज चंदन लावून पुजतो. नदीच्या त्या राखाडी पात्रात अर्धा तास चालावं, एवढीच आईची इच्छा होती. जोमसोमला मुक्काम असता तर सकाळी वारा पडलेला असताना ती सहज चालली असती. तिथला वारा दुपारच्या सुमारास सुटतो आणि मग संध्याकाळपर्यंत उभं राहू देत नाही. विमानं म्हणूनच फक्त सकाळी असतात.

विमानाबद्दल. 29 मे 2022 ला पोखऱ्याहून जोमसोमला निघालेलं छोटं विमान मुस्तांग जिल्ह्यातल्या डोंगरावर आदळलं. 22 जण होते, एकही वाचला नाही. त्यात आपल्या ठाण्याच्या कुटुंबातले चौघे होते. हे लिहिताना आजही अंगावर काटा येतो. म्हणून विनंती आहे, उड्डाण रद्द झालं की यात्रेकरूंसमोर चिडचिड करू नका, विमानतळावर कोणावर दबाव आणू नका. हवा बघून उडणं किंवा न उडणं हे त्यांचं काम. तुमचं काम म्हणजे कार्यक्रमात एक दिवस रिकामा ठेवणं. तो रिकामा दिवस असता तर आम्हाला त्या दिवशी घाईने वर चढवायची वेळ आली नसती.

पावसाळ्यातल्या यात्रांबद्दलही असंच. अधिक महिना पुरुषोत्तमाचा, म्हणून मुक्तिनाथला मागणी असते. 2023 चा अधिक महिना श्रावणात आला होता. त्यातच 13 ऑगस्टला कागबेनीत पूर आला आणि घरं वाहून गेली. हिमालयाच्या पावसाच्या सावलीतला, मातीच्या धाब्यांची घरं बांधणारा तो मुलूख. तिथे असा पाऊस पडतो याची तिथल्याच लोकांना सवय नाही. बेनीकडच्या रस्त्यावर दरडी तर दर पावसाळ्यात येतात. यात्रा मार्च ते मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच ठेवा, आणि अधिक महिना भर पावसात आला तर ‘या वर्षी नाही’ म्हणायचं धाडस करा.

बाकीच्या गोष्टी साध्या आहेत. पैसे भरून घेताना रक्तदाब, साखर, हृदय, दमा यांची माहिती घ्या आणि ज्यांना हा त्रास आहे त्यांना त्यांच्या डॉक्टरकडून लेखी होकार आणायला सांगा. आमच्याकडून फक्त आधार कार्डाची झेरॉक्स आणि दोन फोटो घेतले होते, आणि सीमेवर पासष्टीच्या आतल्यांची तारांबळ उडाली ती वेगळीच. तिथे 15 ते 65 वयाच्या माणसाला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. उंचीचा त्रास टाळण्यासाठीची डायमॉक्सची गोळी उपयोगी आहे, पण ती सरसकट प्रसादासारखी वाटू नका. सल्फाची ॲलर्जी असलेल्यांना ती चालेलच असं नाही, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आणखी जपावं लागतं. प्रत्येकाने आपल्या डॉक्टरला विचारूनच ती घ्यावी. प्रत्येक गाडीत ऑक्सिमीटर ठेवा, हजाराच्या आत मिळतो. सिलिंडरची चावी सिलिंडरलाच दोरीने बांधा. आणि टूर मॅनेजरला एक दिवस, फक्त एक दिवस, एखाद्या डॉक्टरसमोर बसवा. डोकं दुखणं आणि मळमळ म्हणजे थांबा. बसल्या जागी धाप किंवा चालताना झोक जाणं म्हणजे लगेच खाली, रात्री दोन वाजले असले तरी. एवढं पाठ झालं तरी खूप आहे. तुम्हाला डॉक्टर मिळत नसेल तर मी येते. मानधन नको.

राणीपौव्याच्या चढावर बायका रस्त्याकडेला हातमागावर शाली विणत बसतात. काकू परत गेल्यावर म्हणाल्या, मला एक घ्यायची होती. घेता आली नाही. 68 वर्षांच्या बाईला पहिल्यांदा परदेशात गेल्यावर एक शाल घ्यायची होती, तिने त्या रात्री नवऱ्याचा हात धरून अंधारात 1,000 मीटर उतार पाहिला आणि दर्शन न घेता परतली. त्या दोघांचं दर्शन राहिलंच आहे.

आईलाही परत जायचंय. रोज विचारत नाही, पण कार्तिक आला की डबी काढून पुसते. तुमच्यापैकी ज्यांच्या पत्रकात पुढच्या ऑक्टोबरला ‘जोमसोम मुक्काम’ आणि ‘कागबेनी’ हे दोन शब्द छापून येतील, त्यांनी आमची चार नावं लिहून घ्यावीत. आम्ही दोघी, आणि काका-काकू. काकांच्या डॉक्टरांचा होकार मी स्वतः तपासून आणीन.

आपली,
एक परिचारिका आणि यात्रेकरू